मदत हवी आहे: अध्यक्षीय विरुद्ध संसदीय, मुद्दे लवकर द्या

फोंड्याची_सई: नमस्कार मंडळी. अध्यक्षीय पद्धत जास्त स्थिर कशी, याचे ठोस मुद्दे हवेत. पुस्तकी गुण-दोष नकोत, ते सगळ्यांकडे आहेत. उद्या सकाळीच लागणार आहेत.

डिचोलीकर: निबंध, परीक्षा की वादविवाद? बाजू कुठली? वेळ किती?

फोंड्याची_सई: वादविवाद, अनुकूल बाजू, चार मिनिटं. गोव्याची उदाहरणं चालतील.

मांडवीकाठ: मग पक्षांतरच घ्या. २०१९ला काँग्रेसच्या १५पैकी १० आमदार भाजपमध्ये, २०२२ला ११पैकी ८. दोन्ही वेळा आकडा दोन-तृतीयांश गाठतो, म्हणून दहाव्या परिशिष्टातल्या (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातल्या) विलीनीकरणाची पळवाट. अमेरिकेत (तिथल्या) काँग्रेसच्या सदस्याला मंत्री व्हायचं तर आधी सदस्यत्व सोडावं लागतं. आमिषच संपलं!

डिचोलीकर: हे दिलंत तर समोरचे सालटी काढतील. दोन्ही वेळा सरकार पडलं कुठे? सत्तेतल्या भाजपमध्येच भर पडली. स्थैर्यासाठी १९९० घ्या: एका वर्षात राणे, आलेमाव, बार्बोझा असे तीन मुख्यमंत्री आणि डिसेंबरात राष्ट्रपती राजवट. जोडीला केंद्रातलं १९९९: वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मतानं गेलं.

कायदेपंडित: मुळात दोन्ही नकोत. जर्मनीसारखा रचनात्मक अविश्वास ठराव आणा. नवा चॅन्सेलर (तिथला सरकारप्रमुख) निवडल्याशिवाय जुना हटत नाही. १९८२ला श्मिट जाऊन कोल आले ते असेच.

डिचोलीकर: पंडितजी, तिला अनुकूल बोलायचंय. हे म्हणजे प्रतिपक्षाला आयतं शस्त्र, संसदीय पद्धत ठेवूनच स्थैर्य मिळतं म्हणून.

पेडणेकर: गोव्यात मंत्री १२च का? ४०चे १५ टक्के म्हणजे ६, पण ९१व्या घटनादुरुस्तीनं किमान १२ ठरवलेत.

मांडवीकाठ: विचारलं कुणी?

पेडणेकर: बरं, पंचायत घ्या. आपल्याकडे सरपंच पंचांतून निवडतात, म्हणून अविश्वास ठराव बारमाही पीक. महाराष्ट्रात २०१७ला थेट सरपंच आणला, २०२०ला काढला, २०२२ला परत आणला.

मांडवीकाठ: आणि सरपंच एका गटाचा, बहुमत दुसऱ्या गटाचं झालं की ठराव अडून बसतात. अमेरिकेत तेच. २०१८-१९ला मेक्सिको सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून सरकारी कामकाज ३५ दिवस अर्धवट बंद होतं. संसदीय पद्धतीत अर्थसंकल्प नापास झाला की सरकार जातं, कोंडी लांबत नाही. सई, हा वार येणारच.

फोंड्याची_सई: त्याला उत्तर काय?

डिचोलीकर: कोंडी होते हे मान्य करून टाका. पण त्या ३५ दिवसांत ना अध्यक्ष बदलला, ना निवडणूक लागली, ना कुणी सदस्य फोडून नवं सरकार बसवलं. चार वर्षांची मुदत पक्की, इथेच ठाम राहा.

फोंड्याची_सई: आणि अध्यक्षच नालायक निघाला तर?

कायदेपंडित: महाभियोग, म्हणजे त्याला पदावरून काढायचा खटला. प्रतिनिधिगृहात साधं बहुमत, सिनेटमध्ये दोन-तृतीयांश. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन १८६८ला एका मतानं सुटले. सिनेटनं आजवर एकाही अध्यक्षाला दोषी धरलेलं नाही.

डिचोलीकर: म्हणूनच सई, महाभियोगाचं नाव तुम्ही आपणहून काढू नका. विचारलं तरच सांगा.