बारमाही वळू सोडलेले मांसाचे कळप : आधी कृत्रिम रेतन की आधी वळू-तपासणी?

माळरान (प्रश्न)

मांसासाठी गायी पाळणाऱ्या साधारण २० कळपांना मिळून एक पशुवैद्यक आणि रेतन करणारे दोन सहायक अशी सेवा उभी करायची आहे. एका कळपात ४० ते ६० गायी. वळू बारा महिने कळपातच. १०० गायींमागे दूध तोडायच्या वयापर्यंत पोचणारी वासरं ६०-६५, तीही वर्षभर विखुरलेली. पहिलारू गायी दुसऱ्या वेताला लवकर फळत नाहीत. डॉक्टरला बोलावणं येतं ते गाय अडली किंवा जार अडकली तरच.

सगळ्यांचा कल चांगल्या वळूच्या रेतकांड्या (गोठवलेल्या रेताच्या बारीक नळ्या) आणून थेट कृत्रिम रेतन सुरू करण्याकडे आहे. प्रत्येक कळपाला वर्षात चारच फेऱ्या शक्य आहेत असं धरा. पहिल्या वर्षी काय करावं आणि कशाला हात लावू नये?

---

वेतमोजणी

रेतकांड्यांची घाई नको. आधी दिवस मोजा.

गाभणकाळ सरासरी २८३ दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवं तर ३६५ मधून तो वजा जाता उरतात ८२ दिवस. व्यायल्यावर गर्भाशय जागेवर यायलाच त्यातले ४० जातात. वासरू पाजणाऱ्या जाणत्या गायीला पहिला माज ५०-६० दिवसांनी येतो, पहिलारूला ८०-१०० दिवसांनी. म्हणजे पहिलारू माजावर येईपर्यंत तिची मुदत संपलेलीच असते. ती फळत नाही यात नवल नाही, तिला वेळच मिळत नाही. म्हणून कालवडी मुख्य कळपाच्या तीन आठवडे आधी फळवायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढे दिवस त्यांच्या पदरात पडतात. मात्र कालवड जातीच्या प्रौढ वजनाच्या ६० ते ६५ टक्क्यांवर आलेली हवी. वय बघून फळवू नका, काटा वापरा. काटा नसेल तर छातीचा घेर मोजायची टेप चालते.

पैदास हंगाम ६३ दिवसांचा, म्हणजे २१ दिवसांचे तीन माज. दर माजाला ६५ टक्के गायी गाभण राहिल्या तर १०० पैकी पहिल्या फेरीत ६५, दुसरीअखेर ८८, तिसरीअखेर ९६ गाभण. तीन संधी देऊनही रिकामी राहिलेली गाय चौथ्या संधीत राहील या आशेवर वळू वर्षभर ठेवण्यात अर्थ नाही. पण बारमाहीवरून एकदम ६३ वर आणलंत तर निम्मा कळप भाकड दिसेल आणि मालक तुम्हाला दारात उभं करणार नाही. पहिल्या वर्षी १२० दिवस, दुसऱ्या वर्षी ९०, मग ६३.

हे सगळं कोलमडतं ते कुंपणाशी. वळू बाहेर काढायचा म्हणजे त्याला ठेवायला मजबूत आणि गायींपासून लांबचं आवार हवं. एकटा ठेवलात तर कुंपण मोडतो, सोबतीला एखादा बैल द्या. आणि कळपातले न बडवलेले खोंड विसरू नका. नऊ-दहा महिन्यांचा खोंड सहज गाय फळवतो. वळू काढला पण खोंड राहिले, तर हंगाम फक्त कागदावर उरतो.

चार फेऱ्या अशा लावा : हंगामाच्या ६० दिवस आधी वळू-तपासणी, हंगामाच्या तोंडाशी कालवडी आणि (असलंच तर) रेतन, हंगाम संपल्यावर ४५-६० दिवसांनी गर्भतपासणी, आणि विण्याच्या दोन-अडीच महिने आधी अंगस्थितीची (अंगावर मांस-चरबी किती याची) पाहणी. चौथी फेरी वाचवायचा मोह होतो, पण तीच सगळ्यात कामाची.

अंगस्थितीचे गुण १ ते ९ च्या मापात द्या. शेवटच्या बरगड्या, पाठीचा कणा आणि शेपटीचं मूळ, या तीन जागी हात फिरवून. विताना जाणती गाय ५ वर आणि पहिलारू ६ वर हवी. मध्यम बांध्याच्या गायीत एक गुण म्हणजे साधारण ४० किलो. विण्याच्या ८० दिवस आधी गाय ४ वर सापडली तर रोज अर्धा किलो वाढ मिळवून ती ५ वर आणता येते. व्यायल्यावर तोच खुराक आधी दुधात जातो, मग अंगावर, आणि माज सगळ्यांत शेवटी. रोड गायी आणि पहिलारू वेगळ्या काढून चारा, नाहीतर गव्हाणीवर दांडग्या गायी त्यांना उभंसुद्धा राहू देत नाहीत.

---

दावण

वळूबद्दल सविस्तर लिहितो, कारण एक गाय रिकामी राहिली तर एक वासरू जातं, वळू नापास निघाला तर २५ जातात.

तपासणीचा क्रम : आधी चालवून बघा. मागचा पाय लंगडणारा वळू रेत कितीही चांगलं असलं तरी गायीवर चढणार नाही. डोळे, दात, खूर बघा. मग अंडकोष दोन्ही हातांनी दाबून : दोन्ही सारखे, टणक-लवचीक, गाठ नाही, दुखत नाही. नंतर दोन्ही अंडकोष खाली ओढून सगळ्यांत जाड जागी टेप लावायची. युरोपीय वंशाच्या वळूत १५ महिन्यांपर्यंत किमान ३० सेंमी आणि दोन वर्षांपुढे ३४ सेंमी घेर हवा. वशिंडवाल्या जाती उशिरा वयात येतात, त्यांना कोवळ्या वयात हाच आकडा लावून बाद करू नका. त्यानंतर गुदद्वारातून आतल्या ग्रंथी चाचपणे, आणि शेवटी रेत : सरळ पुढे जाणारे शुक्राणू किमान ३० टक्के, आकाराने निर्दोष किमान ७० टक्के.

नमुना घेताना होणारी चूक : थंड काच. थंडीच्या सकाळी गार काचपट्टीवर थेंब ठेवला की शुक्राणू तिथेच गारठतात आणि चांगला वळू नापास होतो. नळी, काचपट्टी, रंग सगळं ३७ अंशांवर. सूक्ष्मदर्शकाला गरम पट्टी नसेल तर काचपट्ट्या गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवा.

६० दिवस आधीच का? शुक्राणू तयार व्हायला ६१ दिवस लागतात, वर बाहेर यायला दहाएक दिवस. आज वळूला ताप आला तर नुकसान काही आठवड्यांनी दिसतं आणि भरून यायला दोन महिने जातात. नापास वळूची फेरतपासणी ६० दिवसांनी. त्याआधी केलीत तर जुनंच रेत पुन्हा बघाल.

या तपासणीत कामेच्छा कळत नाही. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ अर्धा तास कुंपणाशी उभं राहून वळू चढतो का, आत घालतो का, हे मालकानेच बघायचं. आणि ४० टक्के गायी २१ दिवसांनी पुन्हा माजावर दिसल्या तर हंगाम संपायची वाट न बघता वळू बदला.

प्रौढ तपासलेल्या वळूमागे २५-३० गायी. कोवळ्या वळूला वयाच्या जितके महिने तितक्याच गायी : १५ महिन्यांचा असेल तर १५. ६० गायींत एकच वळू चालवणाऱ्या कळपाला वासरं विखुरलेली का, हे वेगळं विचारायची गरज नाही.

बाप-लेकीची गाठ टाळा. त्या जोडीच्या वासरात अंतःप्रजनन २५ टक्के असतं. वळूच्या पहिल्या कालवडी फळायला येण्याआधी तो बदलायचा. शेजारच्या कळपाशी अदलाबदल सोपी वाटते, पण त्यातून काय येतं ते कुणीतरी पुढे लिहीलच.

---

द्रवनत्र

वरचं सगळं मान्य, पण रेतनाला इतकं मागे ढकलू नका. ठरावीक वेळेचं रेतन (संप्रेरकं देऊन सगळ्या गायी एकाच वेळी तयार करणं) केलं तर माज बघावा लागत नाही, आणि माळावर विखुरलेल्या गायींचा माज बघणं हीच खरी अडचण आहे. शिवाय प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं योनीत बसवायचं उपकरण माजावर न आलेल्या काही गायींनाही सुरू करून देतं. काही गायींना, सगळ्यांना नाही. ४ गुणांच्या रोड गायीवर हा खर्च करू नका.

सरळ पद्धत अशी. दिवस ० : जीएनआरएचचं (बीज सुटायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन आणि उपकरण आत. दिवस ७ : उपकरण बाहेर, प्रोस्टाग्लँडिन (माजावर आणणारं संप्रेरक) टोचा. त्यानंतर ६० ते ६६ तासांनी गायींना रेतन आणि त्याच वेळी पुन्हा जीएनआरएच. कालवडींना ५४ तासांच्या आसपास. वशिंडवाल्या गायींत एस्ट्रॅडिओल आणि ईसीजी (गाभण घोडीपासून मिळणारं संप्रेरक) वापरणारी पद्धत जास्त चालते, पण एस्ट्रॅडिओलवर युरोपीय संघात बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघा.

तीन सूचना. प्रोस्टाग्लँडिनने गाभण गाय गाभडते, म्हणून आधी गर्भतपासणी. हे औषध माणसाच्या कातडीतूनही शिरतं : गरोदर बाई आणि दम्याचा रुग्ण यांनी सिरिंजला हात लावायचा नाही, बाकीच्यांनी हातमोजे. आणि उपकरण किती बसवली, किती काढली याची मोजणी जुळली पाहिजे. राहून गेलेलं उपकरण म्हणजे माजावर न येणारी गाय.

रेतकांडीचं नुकसान खोड्यात होत नाही, कंटेनरच्या तोंडाशी होतं. आतलं तापमान उणे १९६ अंश, आणि गळ्यात वर यावं तसं ते झपाट्याने चढतं. कॅनिस्टर (कांड्यांचा डबा) हिमरेषेच्या खालीच ठेवायचं, चिमट्याने कांडी उचलायची, पाच-सात सेकंदांत जमलं नाही तर खाली सोडून पुन्हा प्रयत्न. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेली कांडी बाहेरून अगदी धडधाकट दिसते, म्हणून चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. कंटेनरच्या गळ्यावर बाहेरून दव किंवा बर्फ दिसला तर निर्वात भाग फुटलाय समजा, त्याच दिवशी माल दुसऱ्या कंटेनरात.

वितळवणं ३५-३७ अंशांच्या पाण्यात ४० सेकंद, थर्मामीटर लावून. बोट बुडवून अंदाज नको. बाहेर काढून कोरडी पुसा, पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. कापसाच्या बुचाचं टोक गनमध्ये (रेत सोडायच्या सळईत), बंद टोक काटकोनात कापायचं. तिरकं कापलं तर शीथमध्ये (गनवरच्या प्लास्टिकच्या आवरणात) नीट बसत नाही आणि रेत मागे गळतं. भरलेली गन सदऱ्याच्या आत, अंगाला लागून. दहा मिनिटांत वापरता येतील तेवढ्याच कांड्या वितळवा. गर्भाशयमुखाचं शेवटचं कडं ओलांडलं की लगेच, गर्भाशयाच्या खोडात रेत सोडा. घाईत ते मुखातच सुटतं, किंवा गन गर्भाशयाच्या एका शिंगात (फाट्यात) खोल जाते. ५० गायी एका सकाळी करायच्या असतील तर दोन्ही सहायकांनी आलटून पालटून. हात थकला की कडं लागत नाही.

---

माळरान

दोन शंका. रेतनाने गाभण न राहिलेल्या गायींसाठी वळू लगेच सोडायचा का? आणि अदलाबदलीच्या वळूतून येतं ते नेमकं काय?

---

द्रवनत्र

१४ दिवस थांबा. गर्भतपासणीला हातालाही गर्भाच्या वयातला तेवढा फरक कळतो, मग कोणतं वासरू रेतनाचं आणि कोणतं वळूचं हे वेगळं मांडता येतं. नोंदीत रेतन करणाऱ्याचं नाव, वळूचा क्रमांक आणि कांडीचा लॉट हवाच. एका कळपात निकाल खराब आला तर त्यातूनच कळतं की हात चुकला, माल खराब होता की गायी रोड होत्या.

---

वेतमोजणी

दुसऱ्या शंकेचं मी घेतो. ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर, हे फळवताना वळूकडून गायीला लागणारे दोन जंतू, दोन्ही वळूच्या शिश्नाच्या कातडीत राहतात. वळू तब्येतीने उत्तम, रेतही पास. गाय गाभण राहते, गर्भ लवकर मरतो, गाय अवेळी पुन्हा माजावर येते. गर्भतपासणीत हे चित्र दिसलं की ओळखा : रिकाम्या बऱ्याच, आणि गाभण आहेत त्यांचे गर्भ एकजात लहान. अंगस्थिती ५-६ असून असं दिसत असेल तर चारा वाढवून उपयोग नाही.

चार वर्षांवरच्या वळूत ट्रायकोमोनास जास्त टिकतो, कारण कातडीच्या घड्या खोल झालेल्या असतात. दोन आठवडे गायींपासून लांब ठेवून, मग घड्यांतून खरवडून नमुना घ्या. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) करणार असाल तर आठवड्याच्या अंतराने तीन नमुने, एकाच्या भरवशावर वळू स्वच्छ ठरवू नका. होकारी निघाला तो वळू कत्तलखान्यात जातो, विकून दुसऱ्याच्या कळपात नाही. गायी बहुतेक वेळा काही महिन्यांच्या विश्रांतीने स्वतःच बऱ्या होतात, म्हणून ठरावीक हंगाम इथेही कामाला येतो.

पाचव्या महिन्यानंतर गाभडणाऱ्या गायी असतील तर ब्रुसेलोसिस (गाय गाभडवणारा, माणसालाही लागणारा रोग) समजूनच वागा. रक्ताची रोझ बेंगॉल चाचणी, आणि ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना एस-१९ लस. वळूला ही लस कधीच नाही. लस जिवंत आहे : सुई बोटात गेली तर माणसालाच ब्रुसेलोसिस होतो, चष्मा आणि हातमोजे घालूनच टोचायची. गाभडलेला गर्भ आणि जार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांना मिळू नये, नमुना घेऊन उरलेलं चुना टाकून खोल पुरावं.

---

दावण

एक राहिलं. पहिलारूवर फक्त कमी जन्मवजनाची वासरं देणारा वळू किंवा तशा रेतकांड्या. दांडगं वासरू हवं म्हणून मोठा वळू लावला की अडलेल्या कालवडी वाढतात, आणि अडलेली गाय पुढच्या हंगामात उशिरा माजावर येते. मालकाला एकच ठोकताळा शिकवा : पाणमोट फुटल्यावर कालवड तासभर आणि जाणती गाय अर्धा तास जोर देऊनही पुढे सरकत नसेल तर फोन. फोनवर पहिला प्रश्न असा विचारा : वासराचे पाय दिसतायत का, आणि खुरांचे तळवे वर आहेत की खाली? तळवे वर असतील तर बहुधा मागचे पाय आधी आलेत, तेव्हा कुणी दोर लावून ओढायला लागायच्या आत निघा.