मदत हवी आहे: १९४३ सालची मुरगाव बंदरातली आग कुणाच्या घरात आठवते का?

नमस्कार मंडळी. मी वास्कोचा. आमची आजी सांगायची, 'इंत्रुजाच्या राती दर्यार उजो लागिल्लो' (कार्निव्हलच्या रात्री समुद्रावर आग लागली होती). आम्ही हसायचो. परवा पंचांग बघितलं तर ९ मार्च १९४३ हा खरंच कार्निव्हलचा शेवटचा दिवस!

त्या रात्री मुरगावात एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज नांगरून होतं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध सुरू झाल्यापासून ती इथेच अडकलेली. ब्रिटिशांना संशय होता की एरेनफेल्सवरून पाणबुड्यांना बिनतारी निरोप जातात. पण तटस्थ बंदरात सैन्य कसं धाडणार? मग धाडले कोण, तर कलकत्ता लाइट हॉर्स या घोडदळ पथकाचे हौशी स्वयंसेवक. पोट सुटलेले, चाळिशी-पन्नाशीचे व्यापारी! गाळ वाहायच्या 'फीबी' नावाच्या खटाऱ्यातून ते आले आणि एरेनफेल्सवर चढले. जहाजाचा जर्मन कप्तान मारला गेला. जर्मनांनी स्वतःच जहाज बुडवलं, आणि ते जळताना बघून बाकीच्या तिघांनीही तेच केलं. घोडदळवाल्यांना ना पदक, ना पगार.

हे सगळं इंग्रजांच्या बाजूने वाचलंय. मला आपल्या माणसांचं हवंय. मुरगाव, सडा, बायणा, चिखली इथल्या कुणाचे आजोबा तेव्हा बंदरात कामाला होते का? घरात त्या जहाजांवरची एखादी वस्तू? आणि पाटो-पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्या आठवड्याचा 'ओ हेराल्डो' हा पोर्तुगीज पेपर बघायला मिळाला, तर पोर्तुगीज वाचून सांगणारं कुणी आहे का? माझं पोर्तुगीज 'ओब्रिगादो'पाशीच (म्हणजे 'धन्यवाद') संपतं.