नव्याने साखर (मधुमेह) निघालेल्यांशी काय बोलावं? (खानापूर-बेळगाव भाग)

मलप्रभाकाठ:
घरोघरी तपासणीचं काम आहे. साखर निघाली की ठरलेले प्रश्न येतात: गूळ चालतो ना, गोळी जन्माची का, कारल्याने जाते का, यल्लम्माला चालत जायचं बोललोय त्याचं काय? "हे सगळं खोटं" म्हटलं की पुढच्या वेळी माणूस भेटतच नाही. कसं सांगावं?

शहापूर औषधालय:
आधी एक: बोट टोचून आकडा दिसला म्हणून लगेच "साखर झाली" म्हणू नका. लॅबमध्ये उपाशीपोटी १२६ किंवा जास्त येऊ दे, शक्यतो दोनदा.

मग समजुतीत धोका नेमका कुठं आहे तेवढंच बघा. कारल्याची भाजी खुशाल खाऊ दे; गोळी सोडून रस पिणं थांबवा. बिनलेबलाची पुडी मात्र बंदच. अशा पुड्यांत साखरेच्या अ‍ॅलोपॅथी गोळ्याच कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. त्यावर डॉक्टरांची गोळी पडली की साखर एकदम खाली.

"गोळी गरम पडली" असं कुणी म्हणालं तर कधी घेतली ते विचारा. मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, जुलाब होतात आणि लोक आठवड्यात सोडून देतात. जेवताना किंवा जेवल्याबरोबर घ्यावी. तरी त्रास राहिला तर डॉक्टर कमी डोसपासून चढवत नेतात. किडनी बिघडते ती गोळीनं नाही, वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं, हे बजावून सांगा. वजन उतरलं, साखर ताब्यात राहिली तर काहींची गोळी कमीही होते. त्यामुळं "जन्माची" असा शिक्का पहिल्याच दिवशी नको.

टिळकवाडी आहार:
गूळ म्हणजे बहुतेक साखरच. चहात साखरेऐवजी गूळ घालून काही वाचत नाही. खानापूरकडं भात सोडा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, म्हणून ताटाची मांडणी बदला: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव भागात आमटी-उसळ, उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी. दोन्ही पोटभर नको. ज्वारीची भाकरीसुद्धा मोजूनच. एकट्यासाठी वेगळं शिजवू नका, घरच्या सगळ्यांना तेच वाढा. वेगळं ताट आलं की माणूस स्वतःला रोगी समजतो आणि चोरून खातो.

संकष्टीला साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. थोडी वरी, ताक, मूठभर शेंगदाणे बरे. ग्लिमेपिराइड चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. ती गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर घसरते.

पायांची काळजी:
यल्लम्माला, म्हणजे सौंदत्तीला, जाऊ नका असं म्हणूच नका. अनवाणी चालणं तेवढं टाळायचं. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग खडा रुतला, फरशीनं भाजलं तरी कळत नाही. वाटेत मोजे आणि बंद चप्पल. देवळात सकाळी, फरशी तापायच्या आत, मोजे घालूनच. रात्री आरसा धरून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. फोड असेल तर फोडू नका, दवाखाना गाठा.

मलप्रभाकाठ:
वाटेत साखर उतरून घाम, थरथर सुटली तर? लोक जवळचा कुंदा पुढं करतात.

शहापूर औषधालय:
कुंद्यात खवा-तूप असतं, साखर रक्तात पोचायला उशीर होतो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या खालीच असेल तर तेवढीच परत. बरं वाटलं की जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.