रेटिंग १६००च्या खुंटीला बांधलंय, माझा बुद्धिबळाचा खेळ कुणी तपासून देईल का?

बोरीकाठ

रामराम मंडळी.

मी पारोळ्याचा. खतं-बियाण्यांचं दुकान आहे, वय ४३. मे-जूनमध्ये कापसाच्या बियाण्याच्या पिशव्यांमधून मान वर काढायला सवड नसते, पण त्यानंतर दुपारी दुकानात माशी सुद्धा येत नाही. तेव्हा काउंटरवर मोबाईल उभा करून लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर १० मिनिटांचे डाव खेळतो. आतापर्यंत ११४० डाव झाले. रेटिंग गेले आठ महिने १५८० ते १६४०मध्ये फिरतंय. एकदाच १६८८ला जाऊन आलो, तो स्क्रीनशॉट अजून जपून ठेवलाय.

पांढऱ्याकडून ५४ टक्के डाव जिंकतो, काळ्याकडून ४३. कोडी सोडवण्याचं रेटिंग मात्र २०००च्या वर. म्हणजे डोकं अगदीच रिकामं नसावं. मग डावात कुठे जातं ते?

खेळ शिकलो आजोबांकडून, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. ओट्यावर खडूनं पट आखायचे. त्यांचे नियम देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट (राजा एकदम दोन घरं बाजूला, हत्ती त्याला ओलांडून पलीकडे) हा प्रकारच नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी, तीही तोवर शह बसला नसेल तर. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं घर, तोच मोहरा व्हायचा. सरसकट वजीर नाही. हायस्कुलात गेल्यावर कळलं की बाहेरचं जग वेगळं खेळतं.

गेल्या आठवड्यातला एक डाव सांगतो, मग हसा. (घरांची नावं नेहमीची, उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८.) मी काळा. प्यादी ई६, डी६, बी६, जी६वर, दोन्ही उंट कोपऱ्यांच्या रेषेवर, घोडे डी७ आणि ई७वर. समोरच्यानं डी५ केलं, मारामारी झाली आणि ई-पट्टी उघडली. त्याचा वजीर ई२वर, मागे ई१वर हत्ती, डी५च्या प्याद्याला सी४चा टेकू. माझा ई७चा घोडा राजापुढे खिळलेला, हलला की राजा उघडा. किल्लेकोट एका चालीचं काम होतं, मधली घरं रिकामीच होती. मी केलं ए६.

त्यानं उंट जी५वर आणला. मी एफ६ करून हाकलला, तो एफ४वर. जी५ केलं, तो जी३वर. म्हटलं, आता जातो कुठे. एच५ केलं (आयुष्यभर प्यादं एक घर सरकवणारा माणूस, त्या दिवशी नेमकी दोन घरं टाकली). त्यानं शांतपणे घोडा डी४वर नेला. मी एच४ करून उंट धरला. घोडा ई६वर येऊन बसला, एकीकडे वजीर, दुसरीकडे जी७चा उंट. प्यादं तर मीच एफ६ला ढकललेलं, घोड्याला हुसकावणार कोण? मी रागानं त्याचा उंट मारला, त्यानं माझा वजीर.

मुलगी दहावीला आहे, ती मागून बघत होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही उंट पकडायला गावभर फिरलात आणि घराला कडी लावली नाही."

शेवटच्या २० काळ्या डावांच्या लिंका टाकतोय. बलस्थान काय, खोट कुठे, स्पष्ट सांगा. वाईट वाटणार नाही. वाटलं तरी सांगणार नाही.

---

शनिपेठ६४

वीसही डाव पाहिले. जळगावात शाळेतल्या पोरांना शिकवतो, त्यामुळे सवयीनं आधी चांगलं सांगतो, पण हे खोटं कौतुक नाही.

तुमचे घोडे सुंदर आहेत. पट बंद झाला, दोन्हीकडची प्यादी एकमेकांना अडकली की १६००चा खेळाडू काय करावं न कळून हत्ती इकडून तिकडे हलवत बसतो. तुम्ही तसं करत नाही. सहाव्या डावात घोडा डी७वरून एफ८, ई६ आणि मग डी४ला नेलात. तीन चाली लागल्या, पण तिथून तो शेवटपर्यंत हलला नाही. अशी चाल पुस्तक वाचून येत नाही, ती आप्पांच्या ओट्यावरची आहे. देशी खेळात प्यादी हळू, त्यामुळे पट उशिरा उघडतो, घोड्याचं राज्य जास्त वेळ चालतं. ते तुमच्या हातात मुरलंय.

दुसरं, तुम्ही हरलेला डाव सोडत नाही. अकराव्या डावात एक मोहरा कमी असताना ४० चाली टिकलात आणि समोरच्याचा वेळ संपला.

आता खोट. वीसपैकी १३ डावांत १५व्या चालीपर्यंत राजा मधल्या घरातच होता. त्यातले १० हरलात. हे मी बोटांनी मोजलंय. तुम्हाला किल्लेकोट येत नाही असं नाही, तुमच्या मनात कुठेतरी "राजाकडे अजून एक उडी शिल्लक आहे" असं बसलंय. ती उडी लिचेसवर नाही हो भाऊ!

आणि पारोळ्याचा माणूस किल्लेकोट करत नाही? गावात खंदकासकट भुईकोट किल्ला उभा असताना?

तुम्ही जे खेळता त्याला जगात हिप्पो म्हणतात, म्हणजे पाणघोडा. प्यादी तिसऱ्या रांगेत, उंट दोन्ही कोपऱ्यांच्या रेषेवर, घोडे डी७-ई७. नाव विनोदी असलं तरी प्रकार विनोदी नाही. १९६६च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात आव्हानवीर स्पास्कीनं जगज्जेत्या पेट्रोसियनसमोर दोन डावांत हाच मांडला, दोन्ही बरोबरीत सुटले. पण पाणघोडा पाण्यात डोळे वर ठेवून बसतो तो वेळ आली की उठण्यासाठी. समोरच्यानं मध्यभाग भरला की सी५ किंवा ई५ करून तो फोडायचा असतो. तुमच्या वीस डावांत ही फोड चारच वेळा दिसली. बाकी वेळी तुम्ही ए६, एच६ करत वाट बघता. कशाची?

---

नाईट_ड्यूटी_भुसावळ

वरच्या सरांशी सहमत, पण रोग अजून एक आहे आणि तो घड्याळात आहे.

लिचेसवर डावाच्या विश्लेषणाखाली प्रत्येक चालीला किती वेळ लागला त्याचा आलेख मिळतो. तुमचे पाच डाव काढून बघितले. पहिल्या दहा चाली, ज्या तुम्ही हजार वेळा खेळलाय, त्यांना तीन-साडेतीन मिनिटं. त्या ए६ला, ज्यानं डाव गेला, चार सेकंद. म्हणजे दुकान उघडताना तासभर झाडू मारायचा आणि गिऱ्हाईक आलं की हिशेब न करता पैसे परत द्यायचे.

मी रेल्वेत आहे, आमच्याकडे वेळेचं पाप माफ नसतं. १० अधिक ० (दहा मिनिटं, चालीमागे वाढीव वेळ शून्य) सोडा. १० अधिक ५ किंवा १५ अधिक १० खेळा. प्रत्येक चालीला पाच-दहा सेकंद परत मिळतात, त्यामुळे शेवटी हात थरथरत नाही. मोठे खेळाडूही यातून सुटलेले नाहीत. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत, निकाल लागला तो रॅपिडमध्ये, कमी वेळेच्या डावांत. आपल्या नागपूरच्या पोरीनं कप नेला आणि त्याच निकालानं ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशी ड्यूटीवर होतो, डाव मोबाईलवर चोरून बघितला. साहेब हे वाचत नसावेत.

अजून एक. तुमचा चौदावा डाव. हत्ती आणि प्यादं विरुद्ध नुसता हत्ती, तुम्ही कमजोर बाजूला. त्याचं प्यादं ई५वर, राजा डी५वर, तुमचा राजा ई८वर. डाव निव्वळ बरोबरीचा. तुम्ही हत्ती स्वतःच्या राजाशेजारी नेऊन बसवला आणि १५ चालींत गेलात. हत्तीला राखणदार करू नका. तो तुमच्या बाजूनं तिसऱ्या रांगेत, म्हणजे ए६ला ठेवायचा. त्याचा राजा पुढे येऊच शकत नाही. तो कंटाळून प्यादं ई६ला ढकलेल, त्याच क्षणी हत्ती ए१ला, पार खाली. आता त्याच्या राजाला प्याद्याआड लपायला जागा उरत नाही, मागून शह देत राहा. ही युक्ती फिलिडोरची, १८व्या शतकातला फ्रेंच माणूस, पोटापाण्याला संगीतकार. लिचेसच्या सराव विभागात हत्तींचे शेवट फुकट आहेत. दोन रात्री द्या.

---

शहाद्याची_पोर

दादा, माझं रेटिंग तुमच्यापेक्षा कमी आहे तरी बोलते 😄

हिप्पो-बिप्पो सोडा ना, सरळ कारो-कान शिका, काळ्याची साधी सुरुवात आहे. सी६, डी५, उंट बाहेर, किल्लेकोट, झालं. मी दोन महिन्यांत दीडशेनं वर गेले. आणि दुकानात खेळू नका. तुमच्या तिसऱ्या डावात १२व्या चालीला पावणेदोन मिनिटं गेलीत, नक्की कुणीतरी युरिया मागत असणार.

---

शनिपेठ६४

@शहाद्याची_पोर, कारो-कान उत्तम आहे, पण यांना आत्ता नको. नवी ओपनिंग घेतली की माणूस सहा महिने चाली पाठ करतो आणि जुनी सवय तशीच राहते. कारो-कानमध्येही राजा मधेच ठेवून हरतील. आधी कडी लावायला शिकू द्या, घर नंतर बदलू.

युरियाबद्दल सहमत.

---

आबा_धुळे

मी ७१ वर्षांचा. इथं क्वचित लिहितो, नातू टाईप करून देतो.

भाऊ, तुना आप्पास्ना नियम आमना गल्लीत बी तेच व्हते. फक्त आमच्याकडे डाव सुरू करताना दोघांनी आधी ठराविक चाली एकदम करून घ्यायच्या आणि मग खरी झुंज. गावागणिक फरक असायचा, त्यावरून भांडणंही व्हायची.

सगळे तुम्हाला देशी खेळ विसरा म्हणतायत असं वाटू देऊ नका. मीर सुलतान खान, पंजाबातला, तोही देशी नियमांवर वाढला. १९२९मध्ये इंग्लंडात गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. पुढे १९३२ आणि १९३३लाही. त्याचीही सुरुवात कच्ची असायची, कारण प्यादं दोन घरं टाकायची सवयच नव्हती. पण डावाच्या मध्यात आणि शेवटात भल्याभल्यांना रडवलं. माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकालाही एकदा हरवलं.

मला स्वतःला किल्लेकोट अंगवळणी पडायला पाच वर्षं लागली. एक उपाय केला होता. डाव मांडला की राजाला मी मनात "पाहुणा" म्हणायचो. पाहुण्याला कुणी अंगणात उभं ठेवतं का? आधी आत घ्यायचं, पाणी द्यायचं, मग आपली कामं. नातू हसतोय, हसू दे.

बाकी तुना घोडा भारी सेत. ते सोडू नको.

---

बोरीकाठ

मंडळी, उशीर झाला, दोन दिवस गाडी उतरवण्यात गेले.

सगळ्यांचं वाचलं. राजाची उडी शिल्लक आहे असं वाटत राहतं हे वाचून जरा गप्पच झालो. खरंय ते. आप्पा ती उडी शेवटपर्यंत राखून ठेवायचे आणि समोरच्याला टोचायचे, "मना राजा आजून कुदना नही." मी नकळत तेच करत होतो, फक्त कुदायची सोयच नव्हती.

@शहाद्याची_पोर, युरिया नव्हता, डीएपी होता. बाकी तंतोतंत.

ठरवलंय ते असं. पाणघोडा ठेवतो, पण दहाव्या चालीच्या आत राजा आत. समोरच्यानं मधली प्यादी पुढे आणली की सी५ करून बघायचंच, हरलो तरी. १० अधिक ५. आणि फिलिडोर मुलीला सोबत घेऊन, कारण तिला माझ्यापेक्षा लवकर कळतं.

काल रात्री चार डाव झाले. चारहींत किल्लेकोट, एकात तर सातव्या चालीला, इतक्या घाईत की घोडा तसाच मारात राहिला. दोन जिंकले, एक बरोबरी, आणि तो घोड्याचा गेला. रेटिंग १६०९.

काउंटरवर कॅलेंडरच्या मागच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय, "पाहुणा आत घेतला का?" सकाळी एक शेतकरी दादा आले, कागद वाचला, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "कोन येल से?"

आबा, धुळ्याला महिन्यातून एकदा मालासाठी येणं होतं. तुमच्या गल्लीच्या नियमांनी एक डाव खेळाल का? खडू मी आणतो.