अनुभव धागा : नोंदीबाहेर राहिलेले करोनाचे मृत्यू

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात करोनाने सुमारे ४.८ लाख मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये याच काळासाठी सुमारे ४७ लाख जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवी अपेक्षित असलेल्यांपेक्षा अधिक झालेल्या मृत्यूंचा, अंदाज मांडला. केंद्र सरकारने गणिती पद्धतीवर आक्षेप घेऊन तो अमान्य केला. हे अंतर आपल्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी कसे दिसले, ते लिहावे. फक्त स्वतः पाहिलेलेच लिहावे, ही विनंती.

सोलापूर जिल्ह्यातून
माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये गेले. चाचणी निगेटिव्ह आली होती, परंतु फुप्फुसांतील संसर्ग दाखवणारा सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १८ होता, उपचारही करोनाचेच चालले होते. तरीही रुग्णालयाने मृत्यूचे कारण न्यूमोनिया असे लिहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ५० हजार रुपयांच्या सानुग्रह साहाय्याला मान्यता दिल्यावर आईने अर्ज केला. तो आधी नामंजूर झाला आणि तक्रार निवारण समितीपुढे स्कॅनचे व औषधांचे कागद ठेवल्यावर मंजूर झाला. पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र समितीने करोनाचा मानलेला हा मृत्यू जिल्ह्याच्या आकड्यात धरला गेला का, या प्रश्नाला आजवर उत्तर मिळालेले नाही.

आरोग्य खात्यातील निवृत्त कर्मचारी
आकडे दडवा, असे मला कोणीही सांगितले नाही, हे आधी स्पष्ट करते. रुग्णालय एका जिल्ह्यात, रुग्णाचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला आणि कागद आठवड्यांनी हाती येणारा, अशा स्थितीत संध्याकाळच्या वेळेत पोर्टलवर जेवढे भरता येई, तेवढाच त्या दिवसाचा आकडा ठरे. जून २०२० मध्ये राज्याने १,३२८ जुने मृत्यू एकदम जोडले, तेव्हा बाहेर गदारोळ झाला; आम्हाला नवल वाटले नाही.

नंदुरबारकडील शिक्षक
आमच्या पाड्यांवर चाचणीच झाली नाही. मग करोना कुठून लिहिणार?

नाशिकहून
२१ एप्रिल २०२१ रोजी येथील महापालिका रुग्णालयात ऑक्सिजन टाकीच्या गळतीनंतर रुग्ण दगावले, त्या दिवशी मी भावासाठी सिलिंडर भरून घेण्याच्या रांगेत होतो. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्यसभेत सांगण्यात आले की, ऑक्सिजनअभावी झालेले मृत्यू राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाहीत. उत्तर शब्दशः खरेही असेल. कारण ऑक्सिजनचा तुटवडा मृत्यूचे कारण म्हणून कागदावर लिहिलाच जात नसे, श्वसनक्रिया बंद पडली एवढेच लिहिले जाई. लशीविषयी माझ्या मनात कधी शंका आली नाही, दोन्ही मात्रा वेळेवर घेतल्या. सरकारी पत्रकातील मृत्यूंचा रकाना वाचणे मात्र मी त्या उत्तरानंतर सोडून दिले.