मदत हवी आहे: २×२ पॅच अँटेनांचा अ‍ॅरे, समोर गेनच येत नाही

सिग्नल_गुल
सिंगल पॅच (बोर्डवरचा तांब्याचा चौकोनी तुकडा) सिम्युलेशनमध्ये झकास चालतो, चारांचा अ‍ॅरे केला की सगळं गंडतं. एस-११ (अँटेनाकडून परत येणारी पॉवर) उणे २२ डीबी आहे, म्हणजे मॅचिंगची भानगड नाही. तरी बरोबर समोर, झेड दिशेला, गेन (त्या दिशेला किती ताकद जाते ते) उणे १४ डीबी! पॅटर्नचे लोब (फुगवटे) दोन, दोन्हीकडे फाकलेले. मेश (हिशोबाची जाळी) बारीक केला, रात्रभर लॅपटॉप तापवला, फरक शून्य. सोमवारी रिव्ह्यू आहे आणि पॅटर्न दाखवल्याशिवाय गाइड फॅब्रिकेशनचं नाव काढू देत नाहीत. लवकर सांगा. 'आधी बेसिक वाच' असली उत्तरं नकोत.

मेश_मास्तर
सॉफ्टवेअर कुठलं? फ्रिक्वेन्सी? सबस्ट्रेट, म्हणजे बोर्डचं मटेरियल? पॅचमधलं अंतर? पोटात दुखतंय की गुडघ्यात ते न सांगता औषध मागायला आलायस.

सिग्नल_गुल
एचएफएसएस. २.४५ गिगाहर्ट्झ. एफआर-४ बोर्ड, जाडी १.६ मिमी, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.४. सगळे तेच वापरतात की. सेंटर टू सेंटर ६१ मिमी, अर्धी तरंगलांबी.

पंचगंगाकाठ
एअर बॉक्स (मॉडेलभोवतीची हवेची पेटी) बघ. डोळे झाकून सांगतो, तिथंच घोळ आहे. त्याची बाहेरची सीमा, रेडिएशन बाउंड्री, पॅचपासून निदान पाव तरंगलांबी लांब पाहिजे, म्हणजे तुला ३१ मिमी. मी तर कायम अर्धी ठेवतो.

सिग्नल_गुल
३५ मिमी आहे. सिंगलला तेवढाच होता, बरोबर आलं.

पंचगंगाकाठ
सिंगलला चाललं म्हणून अ‍ॅरेला चालंल असं नसतं भावा. ६० करून बघ, मग बोल.

मेश_मास्तर
एअर बॉक्स कमी पडला तर पॅटर्न वेडावाकडा होतो, बरोबर मधोमध खड्डा पडत नाही. उगाच त्याची रात्र घालवू नका.

फुकट_तेच_भारी
ओपनईएमएस टाक. फुकट, लायसन्सची कटकट नाही, स्क्रिप्ट लिहिली की काम झालं. माझा अख्खा प्रोजेक्ट त्यावर झाला. या महागड्या सॉफ्टवेअरनं पोरांना नुसती बटणं दाबायची सवय लावलीय.

मेश_मास्तर
ओपनईएमएस चांगलंच आहे, पण फीडमधली १०० ओहमची लाइन १.६ मिमी एफआर-४ वर जेमतेम पाऊण मिमी रुंद. त्यात आयताकृती ग्रिडच्या रेषा लाइनच्या कडांना नीट बसवता आल्या नाहीत तर उत्तर भलतंच येणार. सोमवारच्या आत हे शिकणार कोण?

फुकट_तेच_भारी
शिकायचं नसेल तर इंजिनिअरिंगला आला कशाला?

सोप्यातला_राऊटर
अँटेनाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. मंगळवार पेठेत जुनं घर आहे, भिंती हातभर जाड. राऊटर माडीवर, खाली सोप्यात रेंज नाही. बाहेरची मोठी अँटेना लावली तर फरक पडेल का?

पंचगंगाकाठ
राऊटरच जिन्याजवळ आणा. अँटेनाचं म्हणाल तर गच्चीवर चढून 'आलं का?' आणि खालून 'गेलं, गेलं!' हे दूरदर्शनच्या काळात भरपूर झालंय.

आडवी_लाट
मूळ प्रश्नाकडे या. सिग्नल_गुल, दोन गोष्टी सांग. फीड कसा दिलायस? चारही पॅचना एकाच बाजूनं की वरच्यांना खालून आणि खालच्यांना वरून? आणि एच-प्लेनचा (पॅचवरच्या करंटला आडव्या पातळीचा) कट काय म्हणतो?

सिग्नल_गुल
कॉर्पोरेट फीड (एकाच लाइनला फाटे फोडून चारही पॅचना), एच आकाराचा. मधे ५० ओहम, टी-जंक्शन, ७०.७ ओहमचा क्वार्टर वेव्ह (मॅचिंगचा पाव तरंगलांबीचा तुकडा), नेहमीचंच. वरची ओळ काढली, खालची मिरर केली, म्हणजे सिमेट्रिक. एच-प्लेनमध्ये काहीच नाही, सगळीकडे उणे. प्लॉट बिघडलाय समजून तो टाकलाच नव्हता.

आडवी_लाट
मग प्लॉट बरोबर आहे आणि सॉफ्टवेअरही. मिरर केल्यामुळे खालच्या ओळीतला पॅच उलटा झाला. फीडला फेज तोच, पण वरच्या पॅचवर करंट वर धावतो तेव्हा खालच्यावर खाली धावतो. समोर दोघं एकमेकांना खातात. दोन्ही ओळींपासून सारख्याच अंतरावर असलेल्या सगळ्या दिशांना तेच होणार, म्हणून अख्खा एच-प्लेन रिकामा. एस-११ ला याचा पत्ताच नाही. पॉवर परत आली नाही एवढंच तो सांगतो, गेली कुठं ते नाही.

खात्री करायची तर फील्ड ओव्हरलेमध्ये जे-सर्फचे (पृष्ठभागावरच्या करंटचे) व्हेक्टर लाव आणि अ‍ॅनिमेट कर. बाण समोरासमोर दिसतील. नाहीतर फीड काढून चारही पॅचना वेगळे लम्प्ड पोर्ट (सिग्नल द्यायच्या जागा) दे आणि एडिट सोर्सेसमध्ये खालच्या दोघांना १८० अंश टाक. खड्डा भरला की निदान पक्कं.

पंचगंगाकाठ
तरी एअर बॉक्स वाढवून ठेवावा.

उद्यमनगरचा_बाळू
फॅब्रिकेशन म्हटलं म्हणून सांगतो, उद्यमनगरात ओतकाम, मशिनिंग लागलं तर हाक मार.

सिग्नल_गुल
ताई, बाण खरंच उलटे आहेत. पोर्ट देऊन १८० टाकलं, समोर ८ डीबीच्या आसपास आलं. पण रिव्ह्यूत चार पोर्ट कसे दाखवू? बोर्डवर कनेक्टर एकच आहे.

आडवी_लाट
खालच्या ओळीच्या वाटेत अर्धी गाइडेड तरंगलांबी (लाइनमधली, हवेतली नव्हे) जास्त घाल. एफआर-४ वर २.४५ ला ती साधारण ३३-३४ मिमी. म्हणजे उभ्या लाइनवरचा टी पाव तरंगलांबीनं, १७ मिमीच्या आसपास, वर सरकव. आता तुझ्या ओळींमध्ये जागा कमी आहे. पॅचची लांबी २९ धरली तर मधे ३२ च मिमी उरतात, टी सरकवला तर पॅचवरच चढेल. उभं अंतर ८५ कर. पूर्ण तरंगलांबीच्या, १२२ च्या, बरंच आत आहे, ग्रेटिंग लोबची (भलत्याच दिशेच्या मोठ्या लोबची) भीती नको. टी सरकल्यावर क्वार्टर वेव्हच्या जागा पुन्हा बसवाव्या लागतील, ते विसरू नकोस.

मेश_मास्तर
किंवा चारही पॅचना खालूनच फीड दे. लाइन लांबते, पण फेजची चिंता मिटते.

आडवी_लाट
एफआर-४ वर लाइन लांबली की लॉस वाढतो. लॉस टँजंट (बोर्ड किती पॉवर खातो त्याचं माप) ०.०२ आहे, फुकटात मिळत नाही ते.

मेश_मास्तर
तुमच्या ३३ मिमीतही लॉस आहेच की. शिवाय तो १८० अंश फक्त २.४५ ला.

आडवी_लाट
पॅचची बँडविड्थच इतकी अरुंद आहे की तेवढ्यात फेज फार हलत नाही.

सिग्नल_गुल
तुमचं चालू द्या. टी सरकवला, उभं अंतर ८५, समोर ७.६ डीबी. पण आता एस-११ चा खड्डा २.४५ वरून २.३८ गिगाहर्ट्झला गेलाय. पॅच लहान करू का?

आडवी_लाट
लगेच पॅचला हात लावू नकोस. आधी टी पासून वरच्या आणि खालच्या फांदीचा इम्पीडन्स वेगवेगळा बघ. ७०.७ चा तुकडा जुन्याच जागी राहिलाय का?

सोप्यातला_राऊटर
जिन्याजवळ आणला. सोप्यात दोन दांड्या आल्या, न्हाणीघरात अजून नाहीत.