कोंबड्यांना ‘देवी’ आली की हळद लावून गप्प बसायचं का?

जांबोटीकडचा : श्रावणात आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात डास आणि कोंबड्यांची देवी जोडीनंच येतात. यंदा माझ्या चौदांपैकी पाच जणींना झाली. आधी तुऱ्यावर मोहरीएवढे पांढुरके फोड, चार दिवसांत तेच काळे, खडबडीत, चामखिळीसारखे. एका तलंगीचे दोन्ही डोळे खपल्यांनी मिटले. दाणे पुढ्यात, पण दिसतायत कुठं? रोगानं नाही, उपासानं गेली ती. गल्लीत ज्याला विचारावं तो एकच सांगतो : लिंबाचा पाला बांध, औषध देऊ नको, कोप होतो.
माणसांतली देवी १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, आपण अजून कोंबडीच्या देवीला घाबरतोय. हा विषाणू आहे. डासांतून आणि एकमेकींना टोचण्यातून पसरतो. सहा-आठ आठवड्यांच्या पिलांना पावसाआधी लस टोचली नाही तर दोष आपलाच.

निपाणीची अक्का : चाळीस वर्षं कोंबड्या राखते मी. खोबरेलात हळद कालवून दिवसातून दोनदा लावायची. तीन आठवड्यांत खपल्या गळतात, कोंबडी परत अंड्याला येते. सौंदत्तीच्या यल्लम्माला नारळ बोलते, त्यानं तुमचं काय बिघडतं?

जांबोटीकडचा : नारळाचं काहीच नाही अक्का. पण खपल्या हळदीनं गळत नाहीत, दोन ते चार आठवड्यांत आपसूक गळतात. लावा नाहीतर लावू नका.

निपाणीची अक्का : मग डॉक्टरच्या गोळीनं तरी बऱ्या होतात का? त्याही आपसूकच की! माझे निदान पैसे तरी वाचले.

जांबोटीकडचा : हे मात्र बरोबर. या विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक फक्त फोडांत पू झाला तर, आणि तेही डॉक्टरनं सांगितलं तरच. म्हणून तर लस म्हणतोय.

उचगावची : ‘आपसूक बरं होतं’ हे वाक्य कृपा करून असं मोकळं सोडू नका. माझा कोंबडा गेला त्यावर. तुरा स्वच्छ होता, कुठं फोड नाही. नुसती मान लांब करून चोच उघडायचा, घशात घरघर. सर्दी समजून ओव्याची धुरी दिली. (धूर! आता आठवलं की पोटात कालवतं.) रात्री टॉर्च धरून चोच उघडली तर जिभेच्या मुळाशी पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा थर. बोटानं काढायला गेले, रक्त आलं. पहाटे गुदमरून मेला. नंतर कळलं, हीसुद्धा देवीच, तोंडातली. बाहेरच्या खपल्यांपेक्षा हीच जास्त मारते. घरघर ऐकली की आधी तोंड बघा, आणि थर ओरबाडू नका.

चिकोडीचा ब्रॉयलरवाला : इतकी उस्तवार कशाला? खपली दिसली की कापा, विषय संपला. आणि लस लस करताय, बाटली असते शंभर-दोनशे डोसांची. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची. चौदा कोंबड्यांसाठी कोण आणतो?

जांबोटीकडचा : दादा, तुमचा माल सहा आठवड्यांत जातो. माझी गावठी कोंबडी खुडूक बसून पिलं काढते, एकेकीला नाव आहे. बरी झाली की बहुधा तिला परत होत नाही, मग कापायची कशाला? बाटलीचं म्हणाल तर नऊ घरांनी मिळून आणली, थर्मासात बर्फ घालून. दवाखान्यात कानडीत ‘कोळी सिडुबु’ (म्हणजे कोंबडीची देवी) म्हटल्यावर त्यांना कळलं. तोवर मी ‘देवी, देवी’ करत दोन खेपा वाया घालवल्या.

हुक्केरीचा मास्तर : मधेच विचारतो, पोरांना लागेल का हे? कांजिण्यांसारखं?

उचगावची : नाही लागत. कांजिण्यांचा विषाणू वेगळ्याच घराण्यातला, नावातच काय तो गोंधळ. पण गळलेल्या खपल्या खुराड्यात ठेवू नका, त्यांत विषाणू महिनोन् महिने टिकतो. झाडून जाळायच्या. आणि पाण्याच्या मडक्यात डासांच्या अळ्या आहेत का तेही बघा, आमच्याकडे घरामागच्या फुटक्या रांजणात होत्या.

निपाणीची अक्का : एवढं सगळं करून लस लागली हे कळतं कसं? सुई टोचली म्हणजे झालं?

चिकोडीचा ब्रॉयलरवाला : हे अक्कांनी बरं विचारलं. सुई दोन टोकांची असते, पंखाच्या पातळ कातडीतून आरपार टोचायची. सात-दहा दिवसांनी पंख उलटून बघा. टोचल्या जागी गाठ किंवा खपली दिसली तर लागली. काहीच नसेल तर नुसतं पाणी टोचलंत. बर्फ वाटेत वितळला असेल.

जांबोटीकडचा : आज आठवा दिवस. आत्ताच बघून आलो. माझ्या तेरा पिलांपैकी अकरांना गाठ आहे, दोघांना नाही.

चिकोडीचा ब्रॉयलरवाला : म्हणजे दोघांसाठी दुसरी शंभराची बाटली. नऊ घरं परत पैसे काढतील?

निपाणीची अक्का : तोवर दोघांना हळद लावून ठेव.